टेबलावरची बैठक

सावित्रीचे पाणी आम्हा महाडकरांना नवे नाही. पण २२ जुलै २०२१ च्या पुराने आमच्या घरातले गाणेच नेले. चिखल उपसताना अण्णांच्या मोठ्या स्पीकरचे फुगलेले लाकूड, लगदा झालेले कागदी पडदे आणि कॅसेटींचा ढीग हाती आला. अण्णा काही बोलले नाहीत. पुढे कधी गाणे लावा असेही म्हणाले नाहीत.

गेल्या पावसाळ्यात पोलादपूरला आत्याकडे गेलो. तिच्या नातवाच्या अभ्यासाच्या टेबलावर वीतभर उंचीचे दोन स्पीकर होते. "बस रे इथं," आत्या म्हणाली. या डब्यांतून काय ऐकू येणार, असे मनात आले. पण तानपुरा सुरू झाला, जव्हारीची झणक उमटली आणि भीमसेनजींनी स्वर लावण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला.

यात जादू नाही. दूर बसले की भिंती आणि फरशीवरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो. हातभर अंतरावर थेट आवाजच वरचढ ठरतो. शिवाय मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाजाची पातळी सुमारे सहा डेसिबलने वाढते, म्हणजे थोड्या ताकदीतही भागते. दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण साधावा. बारीक स्वरांचा छोटा पडदा कानाच्या उंचीला आणावा. भिंतीला अगदी चिकटवले तर खालचे स्वर फुगतात, म्हणून थोडे पुढे ओढावेत. खर्च काही नाही, थोडी खटपट आहे.

मर्यादाही आहेतच. लहान पडदा फारशी हवा हलवू शकत नाही, म्हणून डग्ग्याची घुमारी अपुरी पडते. मात्र खर्जाचा मूळ स्वर क्षीण असला, तरी त्याच्या वरच्या पटींतले स्वर ऐकून आपला मेंदू तो बराचसा भरून काढतो.

मग प्रश्न पडतो, चांगला आवाज म्हणजे मोठा आवाज, हे आपल्याला कोणी शिकवले? ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. तरी मिरवणुकीतल्या भिंतींपुढे खिडक्यांची तावदाने थरथरतात. तिथे गाणे ऐकू येत नाही, नुसते अंगावर येते. ज्या मुलांनी तेवढेच ऐकले, त्यांना तानपुरा कुठे भेटणार? कायदा हवाच, पण मुलांचा कान घरातच तयार व्हायला हवा.

तसलीच एक जोडी मी महाडला आणली आणि माडीवर मांडली. पहिल्या दिवशी अण्णा दारातच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांना नीट ऐकू यावे म्हणून मी आवाज वाढवायला गेलो.

"राहू दे," ते म्हणाले. "ऐकू येतंय."