प्रभावक्षेत्रांतील माणसें

देवस्थानाचा मोठेपणा यात्रेच्या गर्दीवरून ठरविणारे लोक आमच्यांत पूर्वींपासून आहेत. आतां हेंच माप विमानतळांस लागूं झालें आहे. २०२४ सालीं दुबईच्या विमानतळावर ९ कोटी २३ लाख उतारूंची ये-जा झाली, आणि परदेशीं जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या संख्येंत त्याचा जगांत पहिला क्रमांक लागला. अमेरिकेंतील अटलांटाचा आकडा त्याहूनहि मोठा, १० कोटी ८० लाखांचा. पण त्यांतील बहुतेक उतारू देशांतल्या देशांत फिरणारे. हे आकडे वाचून आमच्या सुशिक्षित वर्गास हेवा वाटतो. नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें, डिसेंबरांत तेथून विमानें उडूं लागलीं, आणि काम पुरें झाल्यावर वर्षाकांठीं ९ कोटी उतारू तेथें मावतील, हें वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडीं झालें. त्या गर्दीशेजारीं राहणाऱ्या कर्जत-खालापूरच्या माणसांस त्यांतून काय मिळणार, असें विचारणारा मात्र विरळा.

आम्ही विमानाचे वैरी नाहीं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले, तो दिवस आम्हांसहि अभिमानाचा वाटतो. मुंबईच्या जुन्या विमानतळावरील दोन धांवपट्ट्या एकमेकींस छेदून जातात, त्यामुळें एका वेळीं एकच चालते. तेव्हां दुसरा विमानतळ हवा होता, हेंहि उघड आहे. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांना विमान ही चैन नसून गरज आहे. आमचें भांडण विमानाशीं नाहीं. डोकीं मोजून थोरवी ठरविण्याच्या वृत्तीशीं आहे. दुबईस मोजलेल्या उतारूंपैकीं कितीतरी तेथें केवळ एका विमानांतून दुसऱ्यांत बसतात. गांवाची माती त्यांच्या पायास लागत नाहीं. अशा गर्दीवरून गांवाच्या सुखाचा अंदाज कसा करावा?

आतां कर्जत-खालापूरकडे वळूं. जानेवारी २०१३ मध्यें सरकारनें विमानतळाभोंवतालचीं २७० गांवें एका आदेशानें नियोजनासाठीं सिडकोच्या हवालीं केलीं. पनवेल, उरण, पेण यांच्याबरोबर कर्जत व खालापूर तालुक्यांतील गांवेंहि त्यांत होतीं. सीमा पुढें बदलल्या. पण त्या प्रदेशास मिळालेलें नांव ध्यानांत ठेवण्याजोगें आहे : ‘विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्र’. प्रभाव विमानतळाचा, आणि तो पडावयाचा माणसांवर! माणसांचाहि विमानतळावर कांहीं प्रभाव असावा, ही कल्पना त्या शब्दरचनेंत बसत नाहीं.

या भागास असले प्रभाव नवे नाहींत. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी वर चढली. १९१५ सालीं खोपोलीस टाटांचें वीजघर सुरू झालें. सह्याद्रीवरचें पाणी खालीं आलें आणि त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या. २००२ पर्यंत मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग पुरा झाला. तिन्ही कामें मोठीं, तिन्हींचा मुख्य लाभ मात्र घाटाच्या दोन्ही टोकांच्या शहरांचा. त्यांतल्या त्यांत कर्जतचें भाग्य असें कीं, घाट चढण्यासाठीं गाडीस मागून इंजिन जोडावें लागे. गाडी थांबे, म्हणून वडा खपे. वाहतुकीचा लाभ जी थांबते तिच्याकडून मिळतो. वरून जाणारें विमान तर कर्जतास थांबत नाहीं! त्याच्या नांवानें येतो तो जमिनीचा दलाल, आणि त्याच्यामागून शनिवार-रविवारच्या घरासाठीं तुकडा शोधणारे आपणच, म्हणजे तुम्हीआम्ही.

आणि याच खालापूर तालुक्यांत १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळगडाच्या कुशींतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांची ती वाडी. २७ प्रेतें हातीं लागलीं, ५७ माणसें सांपडलींच नाहींत. वर जावयास गाडीवाट नव्हती, म्हणून माती उपसणारीं यंत्रें खालींच राहिलीं. माणसांनीं चढून जाऊन हातांनीं माती उकरली. हेलिकॉप्टरें सज्ज होतीं, पण पावसानें त्यांना उडूं दिलें नाहीं. दरडींच्या धोक्याच्या सरकारी यादींत या वाडीचें नांव नव्हतें. विमानतळाच्या आदेशासाठीं शेंकडों गांवांचीं नांवें बिनचूक गोळा करणाऱ्या राज्याला, मरणाच्या छायेंतील एका वाडीचें नांव ठाऊक असूं नये!

कोणी म्हणेल, दरडीचा आणि विमानतळाचा संबंध काय? दरड विमानतळामुळें पडली, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या सिडकोकडे विमानतळाचें काम होतें, तिनेंच वांचलेल्या लोकांसाठीं चौकजवळ पुढें ४४ घरें बांधलीं. म्हणजे पैसा होता, जागा होती, बांधणारे हातहि होते. नव्हती ती केवळ आधीं पाहण्याची दृष्टि. दोन कोटी उतारूंचा पहिला टप्पा ज्यांना वर्षानुवर्षें आधीं दिसला, त्यांना डोंगरउतारावरचीं घरें आधीं दिसलीं नाहींत.

म्हणून आमचें मागणें एवढेंच : ज्या प्रदेशास विमानतळाचें प्रभावक्षेत्र म्हणावयाचें, तेथील डोंगरकडेच्या प्रत्येक ठाकर-कातकरी वाडीची पाहणी आधीं व्हावी, जेथें धोका दिसेल तेथील लोकांस, त्यांच्या संमतीनें, पावसाळ्यापूर्वीं निर्भय जागा मिळावी, आणि प्रत्येक वाडीस दवाखान्यापर्यंतची वाट मिळावी. इमारतींचे नकाशे त्यानंतर पास व्हावेत. विमानतळाची वर्षाची मोजदाद जाहीर होईल तेव्हां तिच्याशेजारीं दुसराहि एक आकडा छापला जावा : या वर्षीं किती वाड्या धोक्यांतून बाहेर आल्या. तो आकडा वाढूं लागेल त्या दिवशीं या विमानतळास मोठा म्हणण्यास आम्हीहि मागें राहणार नाहीं.