धंद्यात पडण्याचे वय कोणते?

पदवीदान समारंभात हल्ली एक उपदेश हमखास ऐकू येतो : नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा. तो बावीस वर्षांच्या मुलांनाच केला जातो. मागच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पंचेचाळिशीतल्या वडिलांना तो करावा, असे कोणाच्या मनातही येत नाही. उद्योजकता हा तारुण्याचाच गुण होय, हे जणू ठरूनच गेले आहे.

या संदर्भात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव नेहमी घेतले जाते. त्यांच्या आयुष्यातील घटनांचा क्रम मात्र विसरला जातो. १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. सायकलींचा धंदा त्यांनी आरंभिला तो नोकरीत असतानाच. मुंबईत सायकली घ्यावयाच्या आणि बेळगावला बंधू रामूअण्णांकडे विक्रीसाठी पाठवावयाच्या. राजीनामा दिला तो हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसास दिली गेली तेव्हा. पुढे नगरपालिकेमुळे बेळगावची जागाही सोडावी लागली आणि औंधच्या अधिपतींनी दिलेल्या जमिनीवर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या वेळी ते चाळिशीला पोहोचले होते. प्रथम यंत्रांची आवड, मग अपमान, मग डोक्यावरचे छप्पर जाणे : एकाच माणसाच्या तीन वयांतील या तीन प्रेरणा. आणि पहिल्या पावलाच्या वेळी पाठीशी मासिक पगार होता, ही गोष्ट लहान नव्हे.

आजच्या पदवीधरांपैकी अनेकांची प्रेरणा याहून साधी असते. स्पर्धा परीक्षांची वयोमर्यादा संपत आलेली असते आणि नोकरी मिळालेली नसते. असा तरुण धंद्यात पडत नाही, ढकलला जातो. १९८२ च्या संपानंतर मुंबईचे कित्येक गिरणी कामगार भाजीची गाडी लावून बसले, त्यांना उद्योजक म्हणण्याचे धाडस कोणी केले नव्हते. पदवीधराच्या बाबतीत ते खुशाल केले जाते. मुद्रा योजनेतून २०१५ पासून तारणावाचून कर्ज मिळू शकते, हे चांगलेच आहे. परंतु माल कोठे स्वस्त पडतो, उधारी कोणास द्यावी, कोणते गिऱ्हाईक बिल थकवील, हे ज्ञान कर्जाबरोबर मिळत नाही.

ते ज्ञान प्रौढाजवळ असते. अमेरिकेत सर्वांत वेगाने वाढलेल्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचे सरासरी वय कंपनी काढताना पंचेचाळीस होते, असे तेथील अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ साली दाखवून दिले. आपल्याकडे फाल्गुनी नायर यांनी २०१२ मध्ये ‘नायका’ सुरू केली ती एकोणपन्नासाव्या वर्षी. अर्थात त्यांच्यामागे गुंतवणूक बँकेतील दीर्घ कारकीर्द होती. कचेरीतल्या भांडारपालाचे काय? वीस वर्षे खरेदीची कागदपत्रे हाताळून कोणत्या सुट्या भागाला गिऱ्हाईक आहे, हे तो अचूक सांगू शकतो. परंतु घराचे हप्ते चालू असतात, मुलीचा कॉलेजप्रवेश तोंडावर असतो आणि राजीनामा दिला की परतीची वाट बंद होते. त्याच्याजवळ धैर्य नाही असे म्हणणे सोपे आहे. वास्तविक तो हिशेब चोख करीत असतो.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यास १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार पूर्वमंजुरीवाचून खाजगी व्यापार करता येत नाही. असा नियम लक्ष्मणरावांना लागू असता तर बेळगावला सायकली गेल्या नसत्या. नियमामागचे कारण रास्तच आहे. पदाचा उपयोग दुकानासाठी होऊ नये. मात्र त्यातून मार्ग निघू शकतो. स्वीडनमध्ये १९९८ पासून नोकरदारास स्वतःचा धंदा करून पाहण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत रजा घेण्याचा कायदेशीर हक्क आहे. धंदा मालकाशी स्पर्धा करणारा नसावा, एवढे पथ्य त्यास पाळावे लागते. आपल्याकडे अशी बिनपगारी रजा, जागेवरील हक्क राखून, दोन वर्षांसाठी देण्यास काय हरकत असावी? तिजोरीवर भार पडणार नाही. कामे अडतील, असा आक्षेप कार्यालये घेतील. पण त्या रिकाम्या जागेवर दोन वर्षांसाठी एखाद्या बेकार पदवीधराची हंगामी नेमणूक करता येईल.