रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटं

‘108ला फोन केला की रुग्णवाहिका येते, मग मैदानावर लाखभर रुपयांचं यंत्र कशाला?’ स्थानिक स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांत डिफिब्रिलेटरचा, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचा, विषय काढला की पहिला आक्षेप हाच येतो. 108ची सेवा मोलाची आहेच. पण हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देणं आणि विजेचा झटका, दोन्ही लांबले, तर त्याची जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. संध्याकाळच्या रहदारीतून शिवाजी पार्क गाठायला किती वेळ लागतो, हे मुंबईकराला सांगायला नको. तेवढा वेळ तो माणूस मैदानावर उभ्या असलेल्यांच्याच हवाली असतो.

‘धडधाकट पोरांना कुठे असं होतं?’ होतं. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळूरला फेडरेशन कप फुटबॉलच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपो क्लबचा क्रिस्तियानो ज्युनियर गोल करताना मोहन बागानच्या गोलरक्षकावर आदळून कोसळला, तो उठलाच नाही. वय 25. झटका मिळता तर तो नक्की वाचला असता, असं मी म्हणणार नाही. पण 12 जून 2021 रोजी कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन याचं हृदय थांबलं, तेव्हा लगेच सीपीआर मिळाला, एक झटका बसला आणि तो शुद्धीवर आला. पुढच्याच वर्षी तो विश्वचषक खेळला. शिवाय मैदानावर फक्त पोरं नसतात. साठीचे पंच असतात, सकाळी फेऱ्या मारणारे आजोबा असतात, मुलाची मॅच बघायला आलेले वडील असतात. आणि छातीवर नेमक्या क्षणी बसलेला सीझन बॉल निरोगी हृदयाचीही लय बिघडवू शकतो.

‘सामान्य माणसाने चुकून झटका दिला तर?’ ही भीती मी समजू शकतो, पण हे यंत्र तिचाच विचार करून बनवलेलं आहे. उघड्या, कोरड्या छातीवर दोन पॅड चिकटवले की ते हृदयाची लय स्वतः तपासतं, पुढे काय करायचं ते बोलून सांगतं. हृदय नुसतं थरथरत असेल, रक्त पुढे ढकलत नसेल, अशा वेळीच ते झटका देऊ देतं. ठोके नीट असतील तर देऊच देत नाही. अमेरिकेतल्या कसिनोंमध्ये हे काम प्रशिक्षण दिलेल्या सुरक्षारक्षकांनी केलं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, लोकांसमोर कोसळलेल्या आणि 3 मिनिटांच्या आत झटका मिळालेल्यांपैकी 74 टक्के जगले.

पैशाच्या आक्षेपावर फार बोलायची गरज नाही. टेनिस क्रिकेटच्या ज्या स्पर्धांत मालिकावीराला मोटारसायकल मिळते, तिथे या पेटीसाठीही वर्गणी जमेल.

‘यंत्र धूळ खात पडेल’ हा आक्षेप मात्र मला खरा वाटतो. बॅटरी उतरते, पॅडची मुदत संपते. सगळ्यात वाईट म्हणजे पेटी कार्यालयाच्या कपाटात जाते आणि किल्ली सचिवांच्या घरी. म्हणून मंडळाने यंत्रासोबत माणूसही नेमावा. त्याने दर आठवड्याला पेटीचा दिवा पाहावा, पॅडवरची तारीख वाचावी. पेटी स्कोअररच्या टेबलाजवळ, कुलपाविना असावी. नाणेफेकीला दोन्ही कर्णधार आले की पंचांनी त्यांना ती बोट दाखवून सांगावी, आणि कोणी कोसळलं तर छाती कोण दाबणार, पेटी आणायला कोण धावणार, हेही तिथेच ठरवून घ्यावं.