पत्नीहत्या : कोणता देश काय मोजतो?



विषय आनंदाचा नाही, पण टाळावासाही वाटत नाही. जून २०२४ मध्ये डच सरकारने स्त्रीहत्या रोखण्याचा आराखडा जाहीर केला. या देशात वर्षाला चाळीसच्या आसपास स्त्रियांचा खून होतो आणि निम्म्याहून अधिक प्रकरणांत संशय नवऱ्यावर, जोडीदारावर किंवा पूर्वीच्या जोडीदारावर असतो. हे सांगता येते, कारण इथे मारणारा आणि मेलेली यांचे नाते नोंदले जाते. लायडन विद्यापीठात या नोंदींवर वर्षानुवर्षे काम चालू आहे.

भारतात प्रश्नच वेगळा विचारला गेला. पुण्यातले १९८२ चे मंजुश्री सारडा प्रकरण अनेकांना आठवत असेल. त्या काळच्या संतापातून नारी समता मंच उभा राहिला. (पतीची १९८४ साली सर्वोच्च न्यायालयात निर्दोष मुक्तता झाली.) १९८६ पासून हुंडाबळी हा स्वतंत्र गुन्हा आहे : लग्नापासून सात वर्षांच्या आत मृत्यू आणि हुंड्यासाठी छळ. २०२२ साली अशी ६,४५० प्रकरणे नोंदली गेली. पण लग्नाच्या बाराव्या वर्षी संशयावरून किंवा दारूपायी बायकोला मारले, तर ती या रकान्यात येत नाही. त्यामुळे दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून "आपल्याकडे बरे की इथे" हा वाद फोल आहे. अमेरिकेतले संशोधक घरातल्या बंदुकीबद्दल विचारतात, तेही तिथल्या परिस्थितीला धरूनच.

आपल्या मुलींची अडचण अशी, की त्या दोन्ही रकान्यांच्या मधे पडतात. छळ हार्लेमच्या फ्लॅटमध्ये, दबाव सासरहून फोनवर. इथल्या अधिकाऱ्याला तो फोन आपणहून सांगावा लागतो.

एक गोष्ट मात्र बहुतेक देशांच्या अभ्यासात सारखी आढळते : बाई वेगळी होऊ पाहते, तो काळ सर्वांत धोक्याचा. तेव्हा "एकदा घरी जाऊन बोलून घे" असा सल्ला देऊन तिला एकटीला परत पाठवू नका.

इथे २००९ पासून महापौर मारहाण करणाऱ्यालाच दहा दिवस घराबाहेर काढू शकतात. मुदत अठ्ठावीस दिवसांपर्यंत वाढते. घर तिला सोडावे लागत नाही. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या स्त्रीला घरगुती हिंसेच्या कारणावरून स्वतंत्र परवान्यासाठी अर्ज करता येतो. "तक्रार केलीस तर भारतात परत जावे लागेल" ही धमकी म्हणूनच तपासून पाहावी.

'फेलिख ताउस'चा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक : ०८००-२०००. शेजारी किंवा मैत्रीणही फोन करू शकते. जिवावर बेतले असेल तर ११२.