मालिकांनी नट संपत नाही



मालिकांमुळे रंगभूमीचे नट बोथट होतात, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत पटले नाही. दिलीप प्रभावळकरांची कारकीर्दच त्याला उत्तर देते. दूरदर्शनवरच्या ‘चिमणराव’ने ते घराघरांत पोचले. पण त्याच साच्यात अडकले नाहीत. ‘चौकट राजा’तला नंदू, ‘झपाटलेला’तला तात्या विंचू, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेतले आबा, ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी, एकाची सावली दुसऱ्यावर नाही. २००६ सालासाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो गांधीजी आणि ‘शेवरी’ चित्रपटातली भूमिका या दोन्हींसाठी. ‘हसवाफसवी’ हे नाटक त्यांनीच लिहिले आणि त्यात सहा भूमिका केल्या. त्यातले वृद्ध गायकनट कृष्णराव हेरंबकर आले की हसणारे प्रेक्षागृह गलबलून जाई.

आम्हा साजगावकरांना कार्तिकी एकादशीला सुरू होणारी बोंबल्या विठोबाची यात्रा ठाऊक. नाट्यगृह मात्र लांब. माझ्या आईने एकही व्यावसायिक नाटक पाहिले नाही. पण आबा टिपरे पडद्यावर आले की ती निवडायची मेथी तशीच मांडीवर ठेवून बघत बसे. कसदार अभिनय तिच्यापर्यंत मालिकेनेच आणला. दोष माध्यमाचा नसतो. उणी पडते ती मेहनत.

— एक वाचक, साजगाव (ता. खालापूर, जि. रायगड)