वर्गणी हवीच, पण वाचकाच्या हक्कासाठी

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी संशोधनाच्या नियतकालिकांची देशभरासाठी एकच वर्गणी भरणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० ऑनलाइन नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था आणि त्यांतले सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक, संशोधक असा तिचा पसारा आहे. आकडा मोठा, म्हणून टीकाही मोठी. तिचे मुख्य आक्षेप तीन.

पहिला आक्षेप : सगळे इंटरनेटवर फुकट मिळतेच, मग पैसे कशाला? भौतिकशास्त्र आणि गणितापुरते यात तथ्य आहे. १९९१ पासून चाललेल्या ‘अर्काइव्ह’ या संकेतस्थळावर त्या विषयांचे लेख छापण्याआधीच सर्वांना वाचता येतात. रसायनशास्त्र, कायदा, इतिहास या विषयांत मात्र इतका भरवशाचा खुला साठा नाही. ‘फुकट’ म्हणणाऱ्यांच्या मनात खरे तर लेखांच्या अनधिकृत प्रती देणारी ‘साय-हब’ ही वेबसाइट असते. तिच्यावर प्रकाशकांनी २०२० च्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, नव्या लेखांची भर जवळपास थांबली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती भारतात बंद करण्याचा आदेश निघाला. आजचे संशोधन आज वाचायचे असेल, तर चोरवाटेवर विसंबून कोणत्याही देशाचे विद्यापीठ चालत नाही.

दुसरा आक्षेप : वाचतो कोण? आधी हिशेब करू. वर्षाला २,००० कोटी म्हणजे माणशी सुमारे ११०० रुपये. एरवी एकच लेख सुटा विकत घ्यायचा तर प्रकाशक बहुधा ३० ते ४० डॉलर मागतात. वर्षात एक लेख जरी कामी आला तरी वर्गणी वसूल झाली. वाचन कमी होत असेल, तर त्याचे कारण बहुतेकदा साधे असते. संस्थेच्या आवारातले इंटरनेट प्रकाशकाची यंत्रणा ओळखते. घरून वाचायचे तर विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘इन्फेड’ व्यवस्थेतून संस्थेचे लॉगिन लागते. ते तयार करून देणारा, शोधायचे कसे हे शिकवणारा माणूस म्हणजे ग्रंथपाल. त्याचे पद रिकामे ठेवायचे आणि मग पोरे वाचत नाहीत म्हणायचे, हा उलटा न्याय झाला. यावर उपाय ग्रंथपाल नेमणे हा आहे, वर्गणी तोडणे नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : हा पैसा प्रकाशकांची मक्तेदारी पोसतो. संशोधन जनतेच्या पैशावर होते, प्राध्यापक लेख विनामोबदला देतात, तपासणारेही फुकट तपासतात, आणि तेच लेख आपण विकत घेतो. ‘एल्सेव्हिअर’ या बड्या प्रकाशकाच्या मूळ कंपनीला या व्यवसायातून ३० टक्क्यांहून अधिक नफा सुटतो. हे सारे मान्य. पण यातून ‘म्हणून घेऊ नका’ हा निष्कर्ष निघत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सेव्हिअरशी करार मोडला, तो २०२१ मध्ये पुन्हा केला. मात्र आपल्या लेखकांचे लेख सर्वांना खुले राहतील ही अट घालूनच. दहा कॅम्पस एकजुटीने बोलले म्हणून हे जमले. पूर्वी आपल्याकडे प्रत्येक मंत्रालयाचे आणि संस्थेचे वेगळे करार असत. आता सारा देश एक गिऱ्हाईक आहे आणि त्या वजनाचा उपयोग करायला हवा. खुल्या नियतकालिकांत छापण्याच्या शुल्कासाठी वर्षाला १५० कोटींची वेगळी तरतूद करण्यापेक्षा, भारतीय लेखकांचे लेख वर्गणीतच खुले करून घेणे हा खरा सौदा.

तिन्ही आक्षेपांत न आलेला दोषच मात्र मला सर्वांत मोठा वाटतो. योजना केंद्र किंवा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. महाराष्ट्रातली बहुतेक महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांची. त्यांतल्या अनुदानित प्राध्यापकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो, पीएच.डी.ची अपेक्षाही सरकारी महाविद्यालयांइतकीच. तरीही त्यांच्या वाट्याला महाविद्यालयांसाठीच्या ‘एन-लिस्ट’ योजनेतला नियतकालिकांचा मर्यादित संच. तालुक्यातला डॉक्टर, जिल्हा न्यायालयातला वकील, शेतीवर लिहिणारा पत्रकार तर कुठल्याच यादीत नाहीत. पुढच्या टप्प्यांत खासगी संस्था आणि मग सार्वजनिक ग्रंथालये येतील असे सांगितले गेले आहे. हा क्रम बदलला पाहिजे. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत शासकीय ग्रंथालये आहेत. तिथे या नियतकालिकांना जोडलेला एक संगणक ठेवायला फार खर्च येणार नाही.

सध्याच्या मंजुरीची मुदत २०२७ अखेर संपते. नव्या वाटाघाटींत सरकारने तीन अटी धराव्यात : अनुदानित महाविद्यालयांना पूर्ण प्रवेश, जिल्हा ग्रंथालयात कोणाही वाचकाला प्रवेश आणि भारतीय लेखकांचे लेख जगाला खुले. प्राध्यापक संघटनांनी, ग्रंथपालांनी आणि विद्यापीठांनी ही मागणी आत्ताच लेखी नोंदवावी. करारावर सह्या झाल्यानंतरच्या तक्रारीला काही किंमत उरत नाही.