‘मी आहे ना!’ एवढ्यावर भागत नाही

रविवारची दुपार. बंगळुरूच्या कोरमंगला भागात, सहाव्या ब्लॉकमधल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये जेवणे आटोपली आहेत. वडील टपाल खात्यातून निवृत्त झालेले, वय ७२. आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यावर मिरजेचे घर बंद करून दोघे मुलाकडे राहायला आले. त्यांच्याबरोबर ३६ वर्षांची ताईही आली. तिला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे. स्वतःचे आवरते, घरात चार कामे करते, पण पाचशेची नोट आणि पन्नासची नोट यांतला फरक तिला सांगता येत नाही.

आईच्या तोंडी रोजचाच प्रश्न असतो, “आमच्यामागे हिचं कसं व्हायचं रे?” संगणक कंपनीत नोकरी करणारा धाकटा मुलगा तेच उत्तर देतो, “आई, मी आहे ना! कशाला काळजी करतेस?” सूनबाई मात्र काही बोलत नाही. ती ताटे उचलून आत जाते.

हे कुटुंब कल्पनेतले आहे, पण अशी घरे शोधायला लांब जावे लागत नाही. ‘मी आहे ना’ हे शब्द मनापासून आलेले असतात, त्यात खोट नसते. मात्र बँकेत, न्यायालयात आणि सरकारी कचेरीत या शब्दांना काही किंमत नसते. तिथे लागतो कागद, आणि त्या कागदामागे लागतो हिशेब.

आधी हिशेब

सुरुवात आकड्यांपासूनच करावी. समजा, ताईचे जेवणखाण, औषधे, कपडे आणि दिवसा सोबतीला येणाऱ्या बाईंचा पगार मिळून आज महिन्याला २५,००० रुपये लागतात. महागाई दर वर्षी ६ टक्क्यांनी वाढत राहिली, तर याच गोष्टींना २० वर्षांनी महिन्याला सुमारे ८०,००० रुपये लागतील. आज मोठी वाटणारी मुदतठेव त्या वेळी किती तुटपुंजी ठरेल, हे यावरून कळते.

ताईसाठी पुढच्या ४० वर्षांची सोय करायची, असे धरू. गुंतवणुकीवर कर वजा जाऊन मिळणारे उत्पन्न महागाईइतकेच असेल, तर आजच्या पैशांत १ कोटी २० लाख रुपये लागतात. तेच उत्पन्न महागाईपेक्षा २ टक्क्यांनी जास्त मिळाले, तर सुमारे ८२ लाखांत भागते. आकडा ऐकून घाबरायचे कारण नाही. ही सगळी रक्कम भावानेच उभी करायची असते, असेही नाही.

वडिलांची पेन्शन पुढेही चालू शकते

केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्याच्या अपंग अपत्याला, ते स्वतःची उपजीविका करू शकत नसेल तर, आईवडिलांच्या पश्चात तहहयात कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. अनेक घरांना याची कल्पनाच नसते. वडिलांनी हयातीतच अर्ज करून मुलीचे नाव निवृत्तिवेतनाच्या आदेशात घालून घेतले, तर पुढची धावपळ वाचते. महागाई भत्ता या वेतनावरही मिळतो. समजा, ही रक्कम आजच्या दराने महिन्याला १५,००० रुपये होते. मग तूट उरते १०,००० रुपयांची, आणि वरच्या पहिल्या हिशेबातले १ कोटी २० लाख ४८ लाखांवर येतात.

पण इथे एक अट आहे. २०२१ सालच्या आदेशानुसार, अशा अपत्याचे इतर सर्व उत्पन्न दिवंगत कर्मचाऱ्याच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के आणि त्यावरचा महागाई भत्ता यांपेक्षा कमी असावे लागते. तेव्हा मायेपोटी सगळ्या ठेवी मुलीच्या नावावर करण्यापूर्वी, त्यांचे व्याज या मर्यादेत बसते की नाही, हे पाहायला हवे. खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्यांच्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतही कायमच्या आणि पूर्ण अपंग अपत्यासाठी तरतूद आहे. तिथली रक्कम लहान असते, पण ती सोडून देऊ नये.

‘माझ्या नावावर ठेवा, मी बघतो’

बहुतेक घरे इथेच चुकतात. घर आणि ठेवी मुलाच्या नावावर केल्या जातात, आणि त्याने बहिणीला सांभाळावे, असे तोंडी ठरते. मुलगा सज्जन असतो. पण उद्या त्याचेच काही बरेवाईट झाले तर?

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पत्नी, मुले आणि आई हे पुरुषाचे पहिल्या वर्गातील वारस आहेत. बहीण दुसऱ्या वर्गात येते. म्हणजे भाऊ मृत्युपत्र न करता गेला, तर ‘ताईसाठी’ म्हणून त्याच्या नावावर ठेवलेल्या पैशांतला एक रुपयाही कायद्याने ताईला मिळत नाही. भावाने कर्ज काढून धंदा केला आणि तो बुडाला, तरी हे पैसे देणेकऱ्यांच्या हाती जाऊ शकतात.

विम्यातही अशीच मेख आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई, वडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांचे नामनिर्देशन केले, तर विम्याची रक्कम हक्काने त्यांचीच होते. त्या यादीत बहीण नाही. बँकेच्या ठेवीचा नॉमिनी तर रक्कम स्वीकारणारा असतो, मालक नव्हे. शेअरच्या नॉमिनीबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले. नॉमिनीचे नाव लिहिले की काम झाले, असे समजणे म्हणूनच धोक्याचे आहे.

उलट, वडील मृत्युपत्र न करता गेले तर त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत आई, मुलगा आणि मुलगी यांचा समान वाटा होतो. अपंगत्वामुळे ताईचा हक्क जात नाही, कायदा तिच्या बाजूने आहे. पण मिरजेचे घर विकायची वेळ आली, की तिची सही कोण करणार, असा प्रश्न उभा राहतो आणि सगळा व्यवहार अडून बसतो.

मृत्युपत्र आणि विश्वस्त निधी

यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे खासगी विश्वस्त निधी, म्हणजेच ट्रस्ट. १८८२ चा ट्रस्ट कायदा त्यासाठीच आहे. पैसा आणि घर विश्वस्तांच्या ताब्यात राहते, पण त्याचा उपयोग फक्त ताईसाठी करायचा असतो. हा ट्रस्ट आताच दस्त करून स्थापन करता येतो, किंवा ‘माझ्यामागे असा ट्रस्ट व्हावा’ असे मृत्युपत्रात लिहिता येते. हयातीत घर ट्रस्टला द्यायचे तर दस्ताची नोंदणी करावीच लागते. मृत्युपत्रावर मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणीची सक्ती नाही. तरीही नोंदणी करणे आणि ज्यांना काही मिळायचे आहे अशांना साक्षीदार न करणे, हे शहाणपणाचे.

ट्रस्ट करताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, विश्वस्त एकच नसावा. भाऊ, एखादा मावसभाऊ आणि घराशी संबंध नसलेला एखादा जाणता माणूस, असे तिघे बरे. दुसरी, त्यांच्यापैकी कोणी गेल्यास त्याच्या जागी कोण यायचे, हे दस्तातच लिहावे. तिसरी, ताईच्या पश्चात उरलेली रक्कम कोणाला जायची, तेही स्पष्ट असावे. ज्याला उरलेले मिळणार, त्याच्याच हाती आजच्या खर्चाच्या किल्ल्या असू नयेत. हा अविश्वास नव्हे, माणसाला मोहापासून दूर ठेवण्याची ही रीत आहे. अशा ट्रस्टवरील कर आकारणी दस्ताच्या शब्दांवर अवलंबून असते, म्हणून मसुदा वकील आणि चार्टर्ड अकाउंटंट दोघांनाही दाखवावा.

भावाने ताईवर केलेल्या खर्चाला आयकरातही सवलत आहे. अवलंबून असलेल्या अपंग भावंडासाठी वर्षाला ७५,००० रुपयांची, आणि अपंगत्व ८० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. १९६१ च्या कायद्यात ही सवलत कलम ८० डीडी म्हणून ओळखली जाते. मात्र जुन्या करपद्धतीने कर भरणाऱ्यालाच तिचा लाभ होतो. नवी पद्धत निवडण्याआधी दोन्ही हिशेब मांडून पाहावेत.

पालक कोण?

पैशाची सोय झाली, तरी ताईच्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा, हे उरतेच. मूल १८ वर्षांचे झाले की आईवडीलही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा झाला. त्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती या समितीवर असतात. तिने दिलेले पालकत्वाचे प्रमाणपत्र खाते उघडण्यासाठी आणि चालवण्यासाठी ग्राह्य धरावे, असे रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच बँकांना कळवले आहे. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर वर्षी हिशेब समितीला द्यावा लागतो. स्किझोफ्रेनियासारखे मानसिक आजार या कायद्यात येत नाहीत. अशा घरांनी वकिलाचा वेगळा सल्ला घ्यावा.

याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी करावी लागत नाही. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि देशभर चालणारे दिव्यांग ओळखपत्र मात्र जवळ हवे. राज्य बदलले की त्या त्या राज्याच्या पेन्शन योजना बदलतात. महाराष्ट्राची संजय गांधी निराधार योजना तिथल्या रहिवाशांसाठी आहे, तेव्हा बिऱ्हाड हलवताना याचाही विचार व्हावा.

सूनबाईला कोणी विचारले?

आता त्या ताटे उचलून आत गेलेल्या सूनबाईकडे येऊ. न्यासाच्या नियमावलीत एक महत्त्वाची तरतूद आहे. जिचे पालकत्व घ्यायचे ती स्त्री असेल, तर एकट्या पुरुषाला पालक नेमले जात नाही. त्याची पत्नी सहपालक असावी लागते, आणि या जोडीत मुख्य सहपालक पत्नीच असते. म्हणजे ‘मी आहे ना’ असे मुलगा म्हणतो, पण कायदा विचारतो, ‘तुमच्या पत्नीचे काय म्हणणे आहे?’

नियमावलीला जे सुचले, ते घरात किती जणांना सुचते? ताईला अंघोळीनंतर केस विंचरायला मदत लागते, पाळीच्या दिवसांत कोणीतरी सोबत लागते. ही कामे भावाची नाहीत, सूनबाईचीच आहेत, असे सगळेच गृहीत धरतात. तिने नोकरी सोडायची का, मुलांच्या शिक्षणाचे पैसे वेगळे राहतील का, आठ दिवस माहेरी जायचे असेल तर ताईजवळ कोण थांबेल, हे प्रश्न तिच्या मनात असतात. विचारले तर ती स्वार्थी ठरेल, म्हणून ती गप्प असते. खरे तर हेच प्रश्न योजनेच्या पहिल्या पानावर हवेत. सोबतीच्या बाईंचा पगार हिशेबात धरला की तिची नोकरी टिकते. ट्रस्ट वेगळा झाला की मुलांच्या शिक्षणाचा पैसाही वेगळा राहतो.

ताईने कायम भावाकडेच राहावे, असेही नाही. कोरमंगलाजवळच, बन्नेरघट्टा रस्त्यावर, बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांचे ‘आशा निकेतन’ हे सामूहिक घर १९७० पासून आहे. अशी ठिकाणे आईवडील हिंडतेफिरते असतानाच पाहून यावीत. जिथे सोय असेल तिथे ताईला चार दिवस राहू द्यावे. घरातल्या मृत्यूनंतर घाईने शोधलेली जागा आणि शांतपणे निवडलेली जागा यांत फार फरक असतो.

आणि ताईला?

सगळ्यांत शेवटी आठवण होते ती ताईची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा कल असा, की अपंग व्यक्तीला डावलून नव्हे, तर तिच्याशी विचारविनिमय करून निर्णय घ्यावेत. तिला ट्रस्ट कळणार नाही, पण काय हवे ते नक्की सांगता येईल.

म्हणून मृत्युपत्राबरोबर आईने एक साधी वही लिहावी. औषधे कोणती, डॉक्टर कोण, कशाची भीती वाटते, कोणत्या भाजीला तोंड लावत नाही, कोणाचा फोन आला की खुलते, असे सगळे त्यात असावे. या वहीला कायद्याने बंधन नाही, पण उद्याच्या पालकाला तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होणार नाही.

मिरजेला असताना रोज सकाळी कोपऱ्यावरून दूध आणणे हे ताईचे काम होते. कोरमंगलात रहदारी फार, म्हणून तिला कोणी खाली पाठवत नाही. वही लिहायला बसल्यावर आईने विचारले, “तुला इथं काय हवंय गं?” तर ती बहुधा हेच सांगेल, “दूध मी आणणार.” मग कोणीतरी सोबत जाऊन तिला रस्ता ओलांडायला शिकवावा आणि वहीत लिहून ठेवावे, की सकाळचे दूध ताईच आणते. येत्या रविवारी जेवणे झाल्यावर ताटे तशीच राहू द्यावीत आणि पाचही जणांनी एकत्र बसावे. सुरुवात सूनबाईच्या प्रश्नांपासून करावी.